शेऱ्याचा रकाना

वयाच्या ४२व्या वर्षी मी डेटा एन्ट्रीची नोकरी धरायचा विचार करतोय, हे ऐकल्यावर माणसं आधी हसतात आणि मग काळजीने विचारतात, "सगळं ठीक आहे ना?" आपल्याकडे या कामाची किंमत ठरून गेलेली आहे. बारावी झालेल्या पोराने एमएस-सीआयटी करावी, टायपिंगची परीक्षा द्यावी, दुसरं काही मिळेपर्यंत कुठेतरी नोंदी टाकत बसावं. तिथून पुढे जायचं असतं. तिकडे परत जाणारा माणूस लोकांना समजत नाही.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी दवाखान्यात विम्याच्या टेबलावर बसतो. ११ वर्षं झाली. पेशंट भरती झाला की त्याची पॉलिसी बघायची, आधार बघायचं, डॉक्टरांकडून फॉर्म भरून घ्यायचा, तो टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेला पाठवायचा आणि मंजुरीची वाट बघायची. सुट्टी मिळाली की अंतिम बिल पाठवायचं आणि पुन्हा वाट बघायची. विमा नियामकाने मे २०२४मध्ये नियम केला की कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि सुट्टीच्या वेळची ३ तासांत द्यावी. नियम चांगला आहे. पण ३ तासही ज्याला खाटेवर बसून काढायचे असतात, त्याला ते ३ दिवसांसारखे वाटतात. मध्येच टीपीएची शंका येते, एखादा कागद मागितला जातो आणि घड्याळ पुढे सरकत राहतं.

त्या वेळात नातेवाईक कुणावर चिडणार? विमा कंपनी दिसत नाही, टीपीए दिसत नाही, मी दिसतो. माझ्या हातात मंजुरी नाही, नकारही नाही. मी फक्त दोन्ही बाजूंचा निरोप्या. आवाज चढतात, कधी कॉलरपर्यंत हात येतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण आत त्यांचं माणूस असतं. पण रोज दहा-बारा घरांची भीती अंगावर घेऊन माणूस घरी जातो तेव्हा तो रिकामा होऊन जात नाही. मगरिबच्या वेळी फोन वाजतो, ताटावर बसलो की वाजतो, रात्री दोनला अपघाताची केस आली तरी वाजतो. मागच्या रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेला घरी होतो असे दिवस मी मोजले, ते नऊ निघाले. आता रक्तदाबाची गोळी सुरू आहे. डॉक्टर ओळखीचे. ते म्हणाले, "गोळी देतो, पण तुझ्या टेबलाला काही गोळी नाही."

याच सुमाराला ही नोकरी समोर आली. एका ठेकेदाराकडे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांचं संगणकीकरण आहे. स्कॅन केलेलं पान पडद्याच्या डाव्या बाजूला, कोरा फॉर्म उजव्या बाजूला. बघायचं आणि टाईप करायचं. सकाळी दहा ते सहा, रविवार सुट्टी. सहानंतर फोन येत नाही, कारण नोंदवहीतली माणसं फोन करत नाहीत.

पगाराचा हिशेब मात्र सरळ आहे आणि तो डोळे उघडे ठेवून करावा लागतो. आज मला ३१,००० मिळतात, तिथे १८,५०० मिळतील. महिन्याला १२,५०० कमी. घर अब्बांनी बांधलेलं, त्यामुळे भाडं नाही. बायको शिकवण्या घेते, त्यातून सहा-सात हजार येतात. मोठी मुलगी नववीत, धाकटा पाचवीत. मोटारसायकलचा हप्ता डिसेंबरात संपतो. तंगी होणार, भूक नाही. एक गोष्ट मला माझ्याच धंद्यामुळे माहीत होती: ईएसआयसीची मर्यादा महिना २१,००० रुपयांची आहे. आजच्या पगारात मी त्या बाहेर आहे, कमी पगारात आत येतो. कामगाराने पाऊण टक्का भरायचा, म्हणजे १३९ रुपयांच्या आसपास, आणि सव्वातीन टक्के मालकाने. ठेकेदाराकडे दहा माणसं आहेत की नाहीत आणि त्याने नोंदणी केली आहे का, हा प्रश्न त्यामुळे पगाराइतकाच मोठा. दुसऱ्यांचे दावे मंजूर करून घेण्यात ११ वर्षं घालवलेला माणूस स्वतःच्या घराचं छत्र विसरून कसा चालेल?

बायकोला हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. तिने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, "पैसे कम आयेंगे, चलता. घर में तुम तो दिखेंगे." मामूंचं म्हणणं वेगळं. ते म्हणाले, "दवाखान्यात तुझ्या ओळखीने दहा लोकांची कामं होतात. तिथे तुला कोण विचारणार?" त्यांचं चूक नाही. आमच्या मोहल्ल्यात कुणी आजारी पडलं की पहिला फोन मला येतो. फुले जन आरोग्य योजनेत कोणता आजार बसतो, रेशनकार्ड कुठलं लागतं, आरोग्यमित्र कुठे बसतो, हे लोक मला विचारतात. ही इज्जत पगारपत्रकात लिहिलेली नसते, पण ती सोडताना जाणवते.

चुलतभावाने मला मोबाईलवर दोन जाहिराती पाठवल्या. "घरबसल्या डेटा एन्ट्री करा, महिन्याला ४०,००० कमवा." वाचणाऱ्यांपैकी कुणी या वाटेवर असेल, म्हणून लिहून ठेवतो. नोंदणीसाठी किंवा कामाच्या सॉफ्टवेअरसाठी आधी पैसे मागितले की ती नोकरी नाही. यातल्या काही टोळ्या आधी काम देतात, मग "तुमची अचूकता कमी भरली" म्हणून करारभंगाची खोटी नोटीस पाठवतात आणि घाबरलेल्या पोरांकडून हजारो रुपये काढतात. अशा वेळी पैसे भरू नयेत, १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आता मूळ प्रश्न. हे काम खरंच कमी ताणाचं आहे का? रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ साली मांडलेला एक विचार मला इथे उपयोगी पडला. कामाचा बोजा किती, एवढ्यावरून ताण ठरत नाही. त्या कामात आपल्या हातात काय आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. बोजा भरपूर आणि हातात काहीच नाही, ती नोकरी माणसाला सर्वांत जास्त पोखरते. माझ्या टेबलाचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. लंडनमध्ये १९६७पासून सुमारे १८,००० सरकारी नोकरांचा जो व्हाइटहॉल अभ्यास झाला, त्यात तर असं दिसलं की सर्वांत खालच्या पायरीवरच्या लोकांचं मृत्यूचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या तिप्पट होतं. मोठ्या खुर्चीला मोठा ताण, ही समजूत तिथे टिकली नाही.

म्हणजे डेटा एन्ट्रीत बोजा कमी झाला तरी हातात काही नसेल, तर मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणार, एवढंच. आणि बोजा कमीच असेल याचीही खात्री नाही. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत डेटा एन्ट्री ऑपरेटरला तासाला ८,००० वेळा कळ दाबण्याचा वेग लागतो. काही खात्यांतल्या पदांसाठी १५,०००. म्हणजे सेकंदाला चार. या वेगाने दिवस काढावा लागला तर मन शांत राहील, पण मनगट आणि मान राहतील का? शिवाय संगणक प्रत्येक कळ मोजू शकतो. साहेब ओरडत नाही, आकडा ओरडतो.

दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त सतावते. माझ्या टेबलावर अडकलेल्या दाव्यांपैकी बरेच नावापायी अडकतात. मराठवाड्यातल्या आपल्या नावांची ठेवण तुम्हाला माहीत आहे: शेख अमुक शेख तमुक. फॉर्ममध्ये रकाने तीन: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शेख कुठल्या रकान्यात घालायचं? एकाने पहिल्यात घातलं, दुसऱ्याने तिसऱ्यात, तिसऱ्याने दोन्हीकडे. आधारवर एक, पॉलिसीवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच. बाईच्या नावापुढचं बी कुठे नावाला चिकटतं, कुठे गळून पडतं, कुठे बेगम होतं. मोहम्मदची इंग्रजी स्पेलिंगं किती, ते मोजायचं मी सोडून दिलं. असा माणूस खाटेवर पडलेला असतो आणि त्याचा मुलगा तलाठ्याकडे, नोटरीकडे, सेतू केंद्रात पळत असतो, कारण कधीतरी, कुठल्यातरी खोलीत, कुणीतरी तासाचा आकडा गाठायच्या घाईत एक अक्षर इकडचं तिकडे टाकलं.

त्या माणसाला त्या दिवशी काहीच ताण झाला नसेल. डेटा एन्ट्री कमी ताणाची असते ती अशी. चुकीचा भार टाईप करणाऱ्यावर पडत नाही, वीस वर्षांनी दुसऱ्याच कुणावर पडतो. आणि जन्माची नोंद आता पूर्वीपेक्षा जड झाली आहे. १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्मणाऱ्या मुलांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखलाच दाखवावा लागणार आहे. जुन्या माणसांचीही दाखल्यासाठीची धावपळ आपण पाहतोच.

ठेकेदाराकडे मी एक दिवस नुसतं काम बघायला बसलो. सूचना एकच: जसं दिसतं तसं टाईप करा, आपलं डोकं लावू नका. नियम योग्य आहे. ऑपरेटर नोंदी सुधारायला लागला तर नोंदवहीला अर्थ उरणार नाही. पण समोर पान आलं, त्यात बापाच्या नावावर शाईचा डाग. शेजारच्या पोराने अंदाजाने एक नाव टाकलं आणि पुढे गेला. त्याचा दिवसाचा आकडा बाकी होता. फॉर्मच्या तळाशी शेऱ्याचा रकाना होता. मी विचारलं, तिथे "अक्षर अस्पष्ट" असं लिहिता येत नाही का? तो म्हणाला, "येतं की. पण शेरा लिहिलेली नोंद तपासणीत अडकते, दिवसाच्या आकड्यात धरत नाहीत."

त्या खोलीत आणखी एक गोष्ट दिसली. निजामाच्या काळात आपल्याकडचं सरकारी कामकाज उर्दूत चालायचं. १९४८च्या आधीच्या काही वह्या त्यामुळे उर्दूत आहेत आणि त्या कपाटात तशाच पडून आहेत. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांना कळली. मला अब्बांनी उर्दू शिकवली. छापील उर्दू वेगळी आणि कारकुनांची शिकस्ता वेगळी, तरी बसलो तर अक्षर लागतं. दोन ओळी वाचून दाखवल्या तेव्हा ठेकेदाराने पहिल्यांदा माझं वय सोडून माझ्याकडे बघितलं.

मी त्याच्याकडे तीन गोष्टी मागितल्या. ईएसआयसीची नोंदणी. उर्दू वह्यांचं काम माझ्याकडे, आणि त्याला वेगाचा वेगळा हिशेब. आणि शेरा लिहिलेली नोंदही दिवसाच्या आकड्यात धरायची, माझीच नव्हे, सगळ्यांची. पहिल्या दोन त्याने लगेच मान्य केल्या. तिसऱ्याला म्हणाला, "वर विचारून सांगतो."

मामूंना वाटतं, मी उगाच अडून बसलोय. मला तसं वाटत नाही. १२,५०० रुपये सोडून मी संध्याकाळ विकत घेतोय, सौदा महाग नाही. पण एखाद्याच्या बापाचं नाव मला वाचता येत नसेल, तर तसं लिहायची मुभा मला हवी. या कामात माझ्या हातात राहील असं तेवढंच आहे. दवाखान्याला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. तिसऱ्या मागणीचं उत्तर सोमवारी येणार आहे. होय आलं, तर त्याच दिवशी नोटीस देणार.