इंद्रायणीकांठचा ठेका

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघून भोसरी ओलांडली कीं मोशी लागते. पश्चिमेस देहू, पूर्वेस आळंदी, उत्तरेस इंद्रायणी, आणि नदीपलीकडे चाकणचे मोटारींचे कारखाने. १९९७ सालीं हें गांव पिंपरी-चिंचवड महापालिकेंत आलें, आणि जेथें शेतें होतीं तेथें आतां उंच इमारतींची दाटी झाली आहे. नागेश्वरमहाराजांचें देऊळ मात्र आपल्या जागीं आहे व त्यांची यात्राही भरते.

अशाच एका इमारतींत माझा पुतण्या राहतो. त्याच्याकडे चार दिवस राहावयास गेलों, तों आमच्या घराण्यांतील तंबोरा गवसणींत कोपऱ्यास टेकलेला, आणि त्याचें काम टेबलावरची एक वीतभर पेटी करीत असलेली! नातवाच्या विद्यालयांत नुकतेच दोन परदेशी कलावंत येऊन गेले होते. त्यांनीं मुलांना यंत्रांतून स्वर कसा काढावा हें शिकविलें होतें आणि विजेच्या वाद्यांवरील जाझ ऐकविला होता. पोर त्यानें भारावून गेलें होतें.

"आजोबा, हें अगदीं नवें आहे," तो म्हणाला.

नवें तें नव्हे, एवढें मला ठाऊक होतें. मीं त्याला अहमदाबादची हकीकत सांगितली. तेथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्यें १९६९ सालीं अमेरिकेंतील वादक-रचनाकार डेव्हिड ट्यूडर हे मूग नांवाचें स्वरयंत्र घेऊन आले, त्यांनीं तें स्वतः बसवून दिलें आणि तेथील मंडळींना शिकविलें. यामागें गीता साराभाई होत्या. या बाई पखवाज वाजवीत. १९४६ सालीं न्यूयॉर्कमध्यें त्यांनीं जॉन केज या रचनाकारास आपलें संगीत शिकविलें व मोबदला म्हणून त्याच्याकडून पाश्चात्य संगीताचे पाठ घेतले. अहमदाबादेस तेव्हां झालेलें ध्वनिमुद्रण संस्थेच्या संग्रहांत पडून राहिलें. २०१७ सालीं पॉल पर्गस यांच्या हातीं त्या फिती लागल्या आणि २०२३ सालीं त्यांतील निवडक संगीत प्रसिद्ध झालें. त्याच १९६९ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्कमध्यें माइल्स डेव्हिस यानें विजेचे पियानो घेऊन तीन दिवस जाझ वाजविला, आणि पुढें ती फीत कात्रीनें कापून, जोडून त्याची तबकडी निघाली. तिचें नांव या मासिकांत छापण्याजोगें नाहीं. नातवास तें तोंडपाठ होतें!

मग त्यानें मला यंत्र दाखविलें. विजेचें कंपन म्हणजे स्वर. त्यांतले वरचे सूक्ष्म स्वर एक खुंटी फिरवून कमीजास्त करावयाचे. हें पाहतां पाहतां माझ्या मनाची अढी थोडी सैल झाली. तंबोऱ्याच्या घोडीवर जव्हारीचा दोरा केंसभर सरकवून आपण तरी दुसरें काय करतों? माझें दुखणें निराळें होतें. यंत्राचा ठेका ऐकून मीं विचारलें, "बाळ, गाणारा दमला तर हें थांबतें का?" त्याला प्रश्न समजला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दोघे आळंदीस गेलों. विष्णुबुवा जोगांनीं १९१७ सालीं स्थापिलेली वारकरी शिक्षण संस्था तेथें आहे, आणि कीर्तन-पखवाज शिकणारीं मुलें गांवांत ठिकठिकाणीं भेटतात. नदीच्या पाण्यावर फेंस होता. त्याविषयीं न बोललेलें बरें. घाटाजवळ एक विद्यार्थी पखवाजाच्या डाव्या तोंडास ओली कणीक लावीत बसला होता. कणीक वाढविली कीं नाद खालीं उतरतो, असें त्यानें सांगितलें, तेव्हां नातू एकदम गुडघ्यावर बसून पाहूं लागला. हीही खुंटीच कीं!

ध्वनिमुद्रण करूं का, असें त्यानें विचारलें. संमति मिळाली. त्यानें आपल्या यंत्राची टकटक लावली आणि विद्यार्थ्यानें भजनी ठेका धरला. प्रथम दोन्ही बरोबर चालले. मग शेजारच्या दोघांनीं अभंग उचलला, लय चढूं लागली, आणि यंत्र जें मागें पडलें तें पडलेंच.

"दादा, जरा थांबा, माझें चुकतें आहे," नातू म्हणाला.

"भजन मध्येंच थांबवीत नाहींत," पखवाज्यानें हात न थांबवितां उत्तर दिलें, "तें बंद कर आणि टाळ घे."

टाळ त्यानें यापूर्वीं कधीं हातीं धरले नव्हते. दोन-तीन आवर्तनें चुकलीं. कोणीं हंसलें नाहीं. चौथ्यास तो समेवर आला, आणि मग लय कोठें जाते हें बघण्यास त्याला पखवाज्याच्या तोंडाकडे पाहावें लागलें. अर्धा तास तो वाजवीत होता. इतका वेळ यंत्राकडे न पाहिलेला तो मीं त्या चार दिवसांत प्रथमच पाहिला.

रात्रीं मोशीस परतल्यावर त्यानें मला तें मुद्रण ऐकविलें. टकटक लवकरच संपली होती. पुढें पखवाज, अभंग, त्याचे चुकलेले टाळ, आणि एके ठिकाणीं मालमोटारीचा लांबलचक भोंगा.

"आजोबा, हा भोंगा काढून टाकूं? येतो काढतां."

मीं तंबोऱ्याची गवसणी सोडली, तार छेडून पाहिली.

"राहूं दे," म्हटलें, "पंचमांत आहे."