अंगठ्याची खूण

दिव्यापुढे चित्राची काच धरायची आणि भिंगातून ते चित्र पडद्यावर पाडायचं. सिनेमा येण्याआधी अमेरिकेतल्या शाळा, चर्चं आणि सभागृहं या खेळात रंगत. त्यातल्या दिसेनाशा होत चाललेल्या वस्तूंची ही नोंद.

नाव. मॅजिक लँटर्न. अमेरिकेत मोठ्या दिव्याला 'स्टिरिऑप्टिकॉन' म्हणत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास याच जातीच्या खेळाला 'शांबरिक खरोलिका' हे भारदस्त नाव दिलं. तिन्ही नावं आता समजावून सांगावी लागतात.

वात. फिलाडेल्फियाच्या लोरेन्झो मार्सी यांनी १८६९ मध्ये 'सायऑप्टिकॉन'चं पेटंट घेतलं. रॉकेलचा दिवा, दोन चपट्या वाती. वातींची रुंद बाजू नव्हे, कड भिंगाकडे. त्यामुळे ज्योतीचा जास्त उजेड भिंगाकडे जाई. गॅसचं लटांबर न बाळगता मास्तरांना आणि पाद्र्यांना खेळ करता येऊ लागला.

चुना. मोठ्या सभागृहात रॉकेल पुरत नसे. तिथे कळीच्या चुन्याची कांडी लावत. तिच्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत धरली की चुना पांढराशुभ्र तळपे. ज्योत एकाच जागी राहिली तर खळगा पडे, म्हणून दिवेवाला कांडी थोडी थोडी फिरवत राही. गॅस रबरी पिशव्यांत, पिशव्यांवर वजनं.

पितळी पट्टी. 'टी. एच. मॅकॲलिस्टर, न्यू यॉर्क'. घराणं फिलाडेल्फियाच्या नामांकित चष्मेवाल्यांचं. शिवाय शिकागोचे मॅकिन्टॉश, न्यू यॉर्कचे बेसेलर, रॉचेस्टरचे बॉश अँड लोम. दिवा घडवणाऱ्यांची नावं अशी धातूवर कोरून राहिली.

काच. फिलाडेल्फियाच्या लांगेनहाइम बंधूंनी काचेवर फोटो उतरवायची रीत काढून १८५० मध्ये तिचं पेटंट घेतलं. अमेरिकन काच सव्वातीन इंच उंच, चार इंच रुंद; इंग्रजांची सव्वातीन इंच चौरस. चित्रावर काळ्या कागदाची चौकट, तिच्यावर दुसरी काच, कडांना कागदी पट्टी. पट्टीचा डिंक सुकतो, काचा सुटतात, मध्ये धूळ शिरते.

रंग. जोसेफ बॉग्ज बील यांनी फिलाडेल्फियाच्या ब्रिग्ज कंपनीसाठी शेकड्यांनी चित्रं काढली, काळ्या-पांढऱ्या छटांत. त्यांचे फोटो काचेवर उतरत आणि मग प्रत्येक काच हाताने रंगवली जाई. हे काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ. तळहाताएवढ्या काचेवरचा चेहरा मुगाच्या दाण्याएवढा. पडद्यावर तोच हातभर होई. ब्रश केसभर सरकला तर गालाचा रंग कानावर जाई. ज्यांचा हात असा सरकला नाही, त्यांची नावं कोणत्याही पट्टीवर नाहीत.

आवाज. २५ जानेवारी १८८८, न्यू यॉर्क. पत्रकार जेकब रीस यांनी शहरातल्या गरिबांच्या कोंदट खोल्या हौशी फोटोग्राफरांच्या सभेत पडद्यावर दाखवल्या. एकेक काच सरकत होती आणि ते शेजारी उभं राहून सांगत होते. दोन वर्षांनी त्याचं पुस्तक झालं. पुस्तक आजही मिळतं. अंधारातलं ते सांगणं मात्र त्या त्या रात्रीपुरतंच होतं.

सूचना. निकेलोडियनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या सिनेमाघरांत, रीळ बदलेपर्यंत पडद्यावर काच येई: बायकांनी कृपया हॅट काढाव्यात. पुढे पस्तीस मिलिमीटरच्या छोट्या रंगीत स्लाइड्स आल्या आणि जड काचा माळ्यावर गेल्या.

खूण. काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात कागदाचा एक ठिपका. चित्र सुलट दिसेल अशी काच धरली की तो तिथे असतो. दिव्यात काच उलटी घालायची असते. तशी ती फिरवली की ठिपका वर उजवीकडे येतो, बरोबर उजव्या अंगठ्याखाली. मिणमिणत्या उजेडात दिवेवाला चुकू नये म्हणून ही सोय. जुनी काच हाती आली तर आपण आधी चित्र पाहतो. एकदा त्या ठिपक्यावर अंगठा ठेवून पाहावा. चित्रं मोजून, नोंदवून ठेवता येतात. ती धरणारा हात कसा होता, हे एवढ्याच एका जागी अजून कळतं.