बाघिणीचें वाहतें पाणी

जें आपण आयुष्यभर शिकवीत आलों तें आपण स्वतः कधीं पाहिलेंच नव्हतें, असें म्हातारपणीं कळून येणें हें मास्तरास फारसें भूषणावह नाहीं. माझ्या बाबतींत तें गेल्या पौषांत कळलें, आणि तेंहि माळव्याच्या एका कोंपऱ्यांत, उकळत्या तांब्याच्या हंड्यापुढें.

अलंकारशास्त्र वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे कीं, साहित्यदर्पणांत पूर्वरागाचे तीन प्रकार सांगितले आहेत: नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग. पहिला फारसा झळकत नाहीं, पण मनांतून जातहि नाहीं. दुसरा झळकतो, पण उडून जातो. तिसरा झळकतोहि आणि टिकतोहि. मॅट्रिक झाल्यावर पाठशाळेंत गुरुजींच्या तोंडून हें ऐकलें, आणि पुढें तीस वर्षें शाळेंतल्या पोरांना, अभ्यासक्रमांत नसतांनाहि, मी तें मोठ्या रसानें सांगत आलों. कुसुंभ म्हणजे आपली करडई, हें कोशावरून सांगतां येत होतें. पण करडईच्या फुलांनीं रंगविलेलें वस्त्र दोन धुण्यांत कसें फिकें पडतें, किंवा मंजिष्ठेचें मूळ कढत पाण्यांत पडलें म्हणजे काय होतें, हें मीं पाहिलें नव्हतें. पाहावेंसें वाटलेंहि नव्हतें.

आमची धाकटी मुलगी इंदुरास दिलेली आहे. दहावीनंतर तिला चित्रकलेकडे जावयाचें होतें व कापडावरील छपाई शिकावयाची होती. मीं नको म्हटलें. कापडें रंगवून संसार चालत नाहीं, एवढेंच कारण दिलें आणि तिला वाणिज्य शाखेंत घातलें. तिनें हट्ट केला नाहीं. आज ती एका कचेरींत हिशेब पाहते, आणि उत्तम पाहते. गेल्या वर्षीं तिची आई वारली. ट्रंकेच्या तळाशीं पांढऱ्या मलमलीचा दहा वारांचा अखंड तागा निघाला. तो केव्हां घेतला, कशासाठीं घेतला, कोणास ठाऊक नाहीं. घरखर्चाच्या वहींत त्याची नोंद नव्हती, आणि आमच्या घरांत नोंद नसलेली ही एकच वस्तु. मुलगी तागा मांडीवर घेऊन कांहीं वेळ बसली व म्हणाली, "बाबा, हा मी रंगवूं?" मीं होय म्हटलें. "मग आधीं माझ्याबरोबर बाघला चला," ती म्हणाली.

बाघ हें गांव धार जिल्ह्यांत, इंदुराहून धारमार्गें सुमारें दीडशें किलोमीटरांवर आहे. धार म्हणजे भोजराजाची नगरी, आणि पुढें मराठ्यांपैकीं पवारांचें संस्थान. तेथें उतरावें असें मनांत होतें, पण मुलीला कामगार सकाळच्या उन्हांत कापड धुतांना पाहावयाचे होते, म्हणून भोजराजास मोटारींतूनच नमस्कार केला. धार मागें पडल्यावर काळी सपाट जमीन संपते आणि डोंगराळ, भिल्ल-भिलाल्यांचा मुलूख सुरू होतो. होळीपूर्वीं याच भागांत भगोरियाचे बाजार भरतात. बाघचे छपाईवाले पूर्वीं मुख्यतः या लोकांच्या बायकांसाठींच लुगडीं व घागऱ्याचीं कापडें छापीत. शहरांतल्या बायका तीं नेसूं लागल्या त्या अलीकडे.

छपाई करणारे हे खत्री लोक मुसलमान असून त्यांचे पूर्वज सिंधमधून मारवाडमार्गें इकडे आले. गेल्या शतकांत गिरणीचें आणि कृत्रिम धाग्याचें स्वस्त कापड बाजारांत आलें तेव्हां पुष्कळांनीं धंदा सोडला. इस्माईल सुलेमानजी खत्री यांनीं तो सोडला नाहीं. त्यांनीं जुने ठसे जपले, रंगकृति नव्यानें बसविली आणि साड्या, चादरी अशा शहरांत खपणाऱ्या कापडांवर ती आणली. आज बाघच्या छपाईला जें नांव आहे तें मोठ्या अंशीं या गृहस्थांच्या चिकाटीचें फळ होय.

आम्ही ज्या कारखान्यांत गेलों तेथील वृद्ध कारागिरानें प्रथम आम्हांस बसावयास सांगितलें, चहा दिला, आणि मग विचारलें, "मास्टरसाब, नाक तो मज़बूत है ना?" प्रश्नाचा अर्थ लवकरच उमगला. कोरें कापड रंग धरीत नाहीं. त्यांतली खळ व तेलकटपणा काढावा लागतो. त्यासाठीं खारी माती, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या पाण्यांत कालवून त्यांत कापड तुडवितात, रात्रभर ढीग घालून ठेवितात, वाळवितात, आणि पुनः हाच क्रम करितात. मीं उपरणें नाकाशीं धरलें. मुलीनें बाह्या वर सारल्या आणि हात आंत घातला.

नंतर हिरड्याच्या पाण्यांत कापड बुडवितात. तें बाहेर निघतें तेव्हां मळकट पिवळें दिसतें. हिरडा रसानें कषाय, आणि कषायांत बुडविलेलें तें काषाय. 'अमक्या रंगानें रंगविलेलें' या अर्थीं पाणिनीनें प्रत्यय सांगितला आहे, व काषाय, मांजिष्ठ, कौसुंभ हीं त्याचीं उदाहरणें प्रत्येक विद्यार्थ्यानें घोकलेलीं असतात. मीं हें त्या वृद्धास सांगितलें. त्यानें आदरानें ऐकून घेतलें आणि माझ्या हातांत ओलें काषाय देऊन दुसरें टोंक पिळावयास सांगितलें.

आतां छपाई. वाचकांपैकीं बहुतेकांची माझ्यासारखीच समजूत असेल कीं, ठसा लाल रंगांत बुडवून कापडावर उमटवितात. तसें नाहीं. चिंचोक्याच्या पिठाची खळ करून एकींत तुरटी आणि दुसरींत हिराकस मिसळतात. हिराकसाचा ठसा हिरड्याशीं मिळून तत्काळ काळा होतो. तुरटीचा मात्र जेमतेम दिसतो. तुरटी हा रंग नव्हेच, रंगास धरून ठेवणारा तो बंध आहे. लाल रंग पुढें हंड्यांत यावयाचा असतो, आणि जेथें तुरटी असेल तेथेंच तो बसावयाचा असतो. कारागीर सागवानी ठसा उजव्या हातानें टेकवून मुठीनें एक ठोका देतो. दोन ठशांच्या मध्यें केसाइतकीहि फट दिसत नाहीं. हे ठसे पुष्कळसे गुजराथेंतील पेथापूर येथें कोरले जातात. मुलीनें दोन विकत घेतले.

छापलेलें कापड कांहीं दिवस नुसतें पडूं देतात. मग बाघिणी नदीच्या वाहत्या पाण्यांत तें धुतात. याला ते 'विछळणें' म्हणतात. आम्ही पाहिलें तेव्हां चार माणसें गुडघाभर पाण्यांत उभीं राहून ओलीं जड कापडें दगडावर आपटीत होतीं, आणि करडा गढूळ ओघ खालीं जात होता. वृद्ध म्हणाला, "पानी चलता हुआ चाहिए." जी तुरटी व जें हिराकस तंतूंत मुरलें नाहीं तें सुटून निघून गेलें पाहिजे; साचलेल्या पाण्यांत तें सुटतें, पण परत त्याच कापडाच्या पांढऱ्या भागावर येऊन बसतें. तेव्हां हें मीं ऐकलें आणि मान डोलाविली. पुढें काय झालें तें सांगतोंच.

शेवटीं भट्टी. तांब्याच्या मोठ्या हंड्यांत पूर्वीं आळीच्या मुळ्या घालीत. आतां अलिझरीन घालतात. मंजिष्ठेच्या कुळांतील युरोपीय मुळांतलें हें रंगद्रव्य १८६८ सालीं जर्मन रसायनज्ञांनीं प्रयोगशाळेंत तयार केलें. रंग सर्वत्र सारखा बसावा म्हणून सोबत धावडीचीं फुलें टाकतात. मी धावडी म्हणजे आपला धावडा वृक्ष समजलों होतों. फुलें हातांत घेतल्यावर कळलें कीं, ही तर धायटी, वैद्यांची धातकी, जी आसवारिष्टांत आंबविण्यासाठीं घालतात! चाळीस वर्षें अरिष्टें घेत आलों, फूल आज पाहिलें. हंड्यांत कापड काठीनें सारखें हलवीत होते. आंत गेलें तेव्हां काळ्या वेली आणि रिकाम्या जागा होत्या. कांहीं वेळानें काठीनें उचलून धरलें तों त्या रिकाम्या जागांतून लाल फुलें उगवलीं होतीं. मीं "मंजिष्ठाराग" असें मोठ्यानें म्हटलें असावें, कारण सगळे माझ्याकडे पाहूं लागले. उरलेला पांढरा भाग स्वच्छ व्हावा म्हणून कापड नदीकांठच्या गोट्यांवर उन्हांत पसरून वरचेवर पाणी शिंपडतात.

दुपारीं जवळच असलेलीं लेणीं पाहिलीं. पांचव्या-सहाव्या शतकांतले हे बौद्ध विहार. लोक त्यांना पांडवांचीं म्हणतात. १९४८ पूर्वीं हा मुलूख ग्वाल्हेर संस्थानांत होता, व संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनीं या लेण्यांसाठीं पुष्कळ खटपट केली. १९२७ सालीं निघालेल्या बाघ लेण्यांवरील इंग्रजी ग्रंथांत त्यांचाहि लेख आहे. १९२१ मध्यें नंदलाल बोस प्रभृति चित्रकार येथें येऊन भित्तिचित्रांच्या नकला करून गेले. दगड मऊ, वरून पाणी झिरपणारें. चित्रें टिकेनात, म्हणून १९८२ सालीं तीं उतरवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयांत नेलीं. भिंती पाहून परतलों. पाण्यानें येथें रंग नेला आणि थोड्या अंतरावर पाणीच रंग पक्का करतें, असें मुलगी म्हणाली. तें खरें होतें, पण मी थकलों होतों.

इंदुरास आल्यावर घरचें रंगकाम सुरू झालें. काष्ठौषधीच्या दुकानांतून हिरड्याची पूड, तुरटी, हिराकस आणि मंजिष्ठ आणली. मुलीनें शहाणपणानें ताग्याचे दोन भाग केले व पांच वार बाजूस ठेविले. बकरीच्या लेंड्यांना माझी हरकत होती. तेव्हां धुण्याच्या सोड्यांत कापड उकळलें. चिंचोक्याची खळ कढीहून दाट पण पिठल्याहून सैल झाली म्हणजे नेमकी होते, हें दोन भांडीं वायां घालवून समजलें. हिराकस अगदीं बेतानें घ्यावें. जास्त झालें तर कांहीं वर्षांनीं काळी नक्षी असते तेथेंच कापड फाटूं लागतें. जेवणाच्या मेजावर गोणपाट व जुनी चादर घालून रविवारीं दोघांनीं छपाई केली. तिचे ठसे रांगेंत आले. माझे मुलांच्या प्रार्थनेच्या रांगेसारखे, पुढें पुढें वांकडे होत गेले.

"आतां पांच दिवस हात लावायचा नाहीं," असें बजावून ती सोमवारीं कचेरींत गेली. माझें परतीचें तिकीट बुधवारचें होतें. रंगलेलें कापड आपल्या डोळ्यांनीं पाहून जावें, आणि ती संध्याकाळीं येईल तेव्हां तिला चकित करावें, अशी मला बुद्धि झाली. मंगळवारीं दुपारीं मीं कापड दोन बादल्यांत खळबळलें आणि मंजिष्ठेच्या पातेल्यांत सोडलें. तासाभरानें काढून पाहतों तों पांढरें कोठेंच उरलेलें नाहीं. सगळीकडे जांभळट तपकिरी पसरलेलें आणि काळ्या रेघांना मिशा फुटलेल्या. वृद्धानें सांगितलेलें प्रत्येक वाक्य मला आठवत होतें. परीक्षेंत मीं तें बिनचूक लिहिलें असतें.

मुलगी आली. तिनें कापड दोरीवरून हातांत घेतलें, उजेडाकडे धरलें. आईचें कापड, आणि तें मीं तिला न विचारतां बुडविलें होतें. "बाबा, पाणी वाहतं नव्हतं," एवढेंच ती म्हणाली, आणि स्वयंपाकाला लागली. जेवतांना मीं सांगितलें कीं, दहावीच्या वेळींहि मीं घाई केली. तिनें आमटी वाढली. "तेव्हां मी फार रडले होते," ती म्हणाली, "तुम्हांला कळलं नाहीं." मला खरेंच कळलें नव्हतें. तिच्या आईला कळलें असणार. दुसऱ्या दिवशीं मीं तिकीट रद्द केलें.

उरलेले पांच वार तिनें छापले. मी खळ गाळून देत होतों. पांच दिवस थांबलों. इंदुरास नर्मदेचें पाणी नळानें येतें. गच्चीवर नळी लावून, कापड उतारावर धरून, एक घागर भरावी इतका वेळ एकेक हात धुतला. मग मंजिष्ठ, मंद आंचेवर, न उकळतां, आणि काठी तिच्या हातांत. लाल रंग बाघच्याइतका गडद नाहीं, विटकरीकडे झुकलेला आला. पांढरें मात्र पांढरें राहिलें. तीन दिवस गच्चीवर उन्हांत पसरून पाणी शिंपडण्याचें काम माझ्याकडे होतें.

त्यांतून तिनें आपल्या खोलीचे पडदे केले, आणि एक चौकोनी तुकडा माझ्या साहित्यदर्पणाला बासन म्हणून दिला. पहिल्या पांच वारांची गोधडी झाली आहे. तिच्या एका कोंपऱ्यांत एक फूल उलटें उमटलें आहे, तें माझें.