पोटरीतली ओंबी

गव्हाची ओंबी, ज्वारीचे कणीस, भाताची लोंबी. तीन धान्यांच्या फुलोऱ्याला मराठीने तीन नावे दिली, आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आमच्या इंदुरी घरांत माळव्याच्या सहवासाने ओंबीची ‘उंबी’ झाली. ‘पोटरी’ हा शब्द मात्र पूर्वजांनी जसा आणला तसाच राहिला. पीक पोटरीत आले म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात आहे, डोळ्यांना दिसत नाही, पण फुगवट्यावरून आत आहे हे कळते. हिंदीत या अवस्थेला गभोट म्हणतात. त्या शब्दाचेही नाते गर्भाशीच आहे. कृषिखात्यात उभे आयुष्य घालविल्यावर आमचे असे मत झाले आहे की, आम्ही काढलेल्या कित्येक परिपत्रकांपेक्षा हे दोन शब्द अधिक नेमके आहेत.

आम्ही इंदूरच्या कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी. ते आज ग्वाल्हेरच्या विद्यापीठाकडे आहे. आमच्या वेळी जबलपूरच्या विद्यापीठाशी जोडलेले होते. याच भूमीवर १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था उभारली. हॉवर्डसाहेबांचे नाव कंपोस्टाच्या इंदूर पद्धतीमुळे जगभर झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि १९०९ चा ‘व्हीट इन इंडिया’ हा ग्रंथ दोघांच्याही नावावर आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. गव्हाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, तरी क्वचित परपरागही शिरतो, याकडे या दांपत्याने लक्ष वेधले होते.

गव्हाला फूल येते, हेच पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसते. त्यांचा दोष नाही. त्या फुलाला पाकळ्या नाहीत, रंग नाही, वास नाही. ओंबीवर एकाआड एक बसलेले जे झुबके दिसतात त्यांना कणिशके म्हणतात आणि एकेका कणिशकात अनेक फुले असतात. तुसाच्या दोन पदरांत तीन परागकोश, पिसांसारख्या दोन कुक्षी, आणि तळाशी दोन इवलेसे खवले. हे खवले पाणी ओढून फुगले की तुसांचे पदर अलग होतात. फूल उघडते ते काही मिनिटेच. मग पिवळे परागकोश बाहेर लोंबू लागतात, आणि शेताच्या बांधावरचा माणूस म्हणतो, गहू फुलावर आला. वास्तविक तोवर आतला विवाह बहुधा उरकलेला असतो. बाहेर दिसतो तो उतरविलेला मांडव. ज्वारीचे कणीस शेंड्याकडून खाली फुलत जाते, गव्हाची ओंबी मधल्या भागापासून दोन्ही टोकांकडे. महाविद्यालयात संकराच्या प्रात्यक्षिकासाठी आम्ही चिमट्याने एकेका फुलातले तीनही परागकोश, ते पिवळे पडण्याआधी, काढून टाकीत असू आणि ओंबीला कागदी पिशवी घालीत असू. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून लावायचा. त्या ओंबीत धरलेले मोजके दाणे हातात घेताना जे वाटले, ते पुढे पदोन्नतीच्या आदेशानेही वाटले नाही.

परंतु खरी गंमत फुलाच्या फार आधी घडते. पेरणीला तीन-चार आठवडे झाले की एक रोप उपटावे, मधल्या देठाची पाने सुईने एकामागून एक सोलावीत. अगदी आत, जमिनीच्या पातळीशी, टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक असा वाढीचा शेंडा असतो. तोवर त्याने पाने घडविलेली असतात. एके दिवशी त्यावर दुहेरी कडा उमटतात. दोहोंतली वरची कडा पुढे कणिशक होते. त्या क्षणापासून रोपाने पाने घडविणे थांबवून ओंबी घडविण्यास आरंभ केलेला असतो. हे पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागतो. पुढे शेंड्यावर शेवटचे कणिशक बसले की ओंबीतील कणिशकांची संख्या कायमची ठरते. त्या वेळी ती ओंबी जेमतेम चार मिलिमीटर असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला शेतात नुसते गवत दिसते. एकेका कणिशकात आठ-दहा फुलांचा आरंभ होतो. दाणा धरतो दोन ते चारांत. उरलेली फुले पोटरीतच विरून जातात. अन्न, पाणी, ऊब यांचा हिशेब रोप आतल्या आत करते.

या अवस्थांना क्रमांक देण्याचे काम युरोपात झाले. फेकेस यांची मोजणी १९४१ ची, आणि १९७४ मध्ये झाडोक्स, चांग व कोन्झाक यांनी ०० ते ९९ अशी दशमान पद्धत दिली. दहाच्या घरात पाने, विसाच्या घरात फुटवे, तिसाच्या घरात कांड्या, चाळिसात पोटरी, पन्नासात निसवण, साठात फुलोरा, पुढे चीक आणि दाणा. पद्धत सुबक आहे, आम्ही ती आयुष्यभर वापरली. परंतु ती बाहेरून पाहणारी आहे. दुहेरी कडेला तीत स्वतंत्र क्रमांक नाही. शेतकऱ्यापर्यंत तर तीही पोहोचत नाही. त्याला मिळतात दिवस. पेरणीनंतर एकविसाव्या दिवशी पहिले पाणी, कारण तेव्हा मुकुटमुळे फुटतात. गणित खरे आहे, पण रोप दिवस मोजीत नाही, ऊब मोजते. एका पानासाठी त्याला साधारण शंभर अंश-दिवस लागतात. पेरणी लांबली आणि थंडी पडली की तो एकविसावा दिवस पुढे सरकतो.

२०११ च्या जानेवारीत मध्यप्रदेशात पाला पडला आणि रब्बीचे मोठे नुकसान झाले. तूर, हरभरा काळे पडले, ते सर्वांना दिसले. पाहणीच्या एका पथकात आम्ही होतो. एका शेतात नोव्हेंबरच्या आरंभी पेरलेला गहू पोटरीत होता आणि कुठे कुठे निसवू लागला होता. पीक हिरवेगार. पथकातील एका अधिकाऱ्याने तक्त्यात ‘नुकसान नाही’ असे लिहिण्यास लेखणी उचलली. आम्ही पोटरी चिरून ओंबी काढली आणि फुले उघडून त्यांच्या तळहातावर ठेवली. परागकोश पांढरे, आक्रसलेले, पिळवटलेले. शेतकरी म्हातारा होता; तो म्हणाला, “साहेब, गाय गाभण दिसते, पण पोटात काही नाही.” अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, तक्त्यात उभ्या पिकाचा रकाना आहे, फुलाचा नाही. नियमाप्रमाणे ते चूकही नव्हते. पुष्कळ वाद होऊन त्या गावाची दुसरी पाहणी तीन आठवड्यांनी ठरली. तोवर ओंब्या बाहेर पडून ताठ उभ्या राहिल्या होत्या. दाण्यांनी भरलेली ओंबी वाकते. म्हाताऱ्याने एक ओंबी हातावर चोळून फुंकर मारली. तूस उडाले, हातावर चार दाणे राहिले. ते गाव यादीत आले. शेजारच्या गावांत पोटरी कोणी चिरली नाही. तिथल्या तक्त्यांत काय लिहिले गेले ते आम्हांस ठाऊक आहे.

पुढे उलट संकट आले. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला, उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा चिमला आणि १३ मे रोजी केंद्र शासनाने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. तेव्हापासून देवासकडील आमच्या उरल्यासुरल्या शेतीचे पाहणारा पुतण्या दर दिवाळीला विचारतो, “काका, सोयाबीन निघताच ऑक्टोबरातच गहू पेरून टाकू का?” प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु ऑक्टोबरच्या उबेत रोप घाई करते, दुहेरी कडा लवकर उमटतात, कणिशके कमी बसतात आणि ती आखूड ओंबी नेमकी जानेवारीच्या पाल्यात पोटरीत येते. डिसेंबरात पेरले तर फुलोरा उन्हात सापडतो. पाला ओसरल्यावर आणि ऊन तापण्यापूर्वी फुलाला जी फट मिळते, ती आमच्या सेवाकाळातच अरुंद होत गेली.

म्हणून गेल्या रब्बीत अर्धे शेत १० नोव्हेंबरला आणि अर्धे २५ ला पेरविले. दर रविवारी पुतण्याची मुलगी दोन्हीकडची पाच-पाच रोपे आणते. ती इंग्रजी शाळेत जाते, मराठी बेताचेच. परंतु वहीत तिने २५ तारखेच्या तुकड्यापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, ‘अजून पोटरीत नाही’.