लिंबावर औषध मारलंस?

चि. मंजिरीस,


तुझं पत्र वाचलं आणि हातातलं निवडणं बाजूला टाकून लिहायला बसले. अगं, लिंबाच्या झाडावर औषध मारलंस? आणि त्याच आठवड्यात लिंबं उतरवून मला लोणच्याचं प्रमाण विचारतेस? संत्रं आपण सोलून खातो. लिंबू लोणच्यात सालीसकट मुरतं आणि सालीसकटच पोटात जातं. फवारा आधी बसतो तो त्या सालीवरच.

कारण काय, तर म्हणे अळ्या! पानावर पक्ष्याची घाण पडल्यासारखं दिसलं ना, त्याच त्या लहानपणीच्या अळ्या; पुढे हिरव्यागार होतात. काडीने डिवचलं की डोक्यामागून नारिंगी दुबेळकं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतात. विहिरीकाठच्या झाडावर दादा तुम्हा पोरांना हेच दाखवायचे आणि तू किंचाळत परसात पळायचीस. विसरलीस? त्यांची फुलपाखरं होतात. भरल्या झाडाचा थोडा पाला गेला तर काही बिघडत नाही. फारच झाल्या तर वेचून कढीपत्त्यावर सोड, तो लिंबाच्याच कुळातला.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती हौसेनं लावलीस. अशा झाडाचं पानसुद्धा वाया जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. औषध मारलेलं नसेल तेव्हा कोवळं पान चुरडून ताकात घाल. पिळलेल्या फोडी मीठ लावून देवाच्या तांब्या-पितळेला घास. ओट्याच्या संगमरवराला मात्र लावू नकोस, आंबटाने झिलई जाते. साल, पान, रस, सगळं घरात वापरायचं झाड हे, त्यावर विष कसलं मारतेस!

प्रमाण म्हणशील तर किलोला पाव किलो मीठ, चिनी मातीची बरणी, आणि लिंबं पुसून अगदी कोरडी. पण ही लिंबं घ्यायची नाहीत.

आणि चेहऱ्याला लिंबू चोळून गच्चीवर कपडे वाळत घालायला जातेस, ते आधी बंद कर. रस अंगावर राहून ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. एवढी शिकलेली तू!

औषधाची बाटली टाकलीस की आहे? फवारणीनंतर फळ किती दिवसांनी तोडायचं ते तिच्यावर छापलेलं असतं. वाचून आजच फोन कर. तोवर त्या लिंबांचं सरबतही करू नकोस, आणि छोटूला पानं तोडू देऊ नकोस. त्याला सगळं तोंडात घालायची सवय आहे.

तुझी,
मावशी