मातीच्या गल्ल्यास अनावृत पत्र

प्रिय गल्ल्या,

आमच्या अष्टमी गावात पोराच्या हातावर मामाने शंभराची नोट ठेवली की आईचं वाक्य ठरलेलं असतं, ‘गल्ल्यात टाक हो.’ पोराने तुझ्यात पैसे टाकले म्हणजे त्याला पैशाची किंमत कळली, असं आम्ही धरून चालतो. म्हणूनच हे पत्र.

तुझा गुण मान्य आहे. तू थांबायला लावतोस. तुला उलटा धरून खराट्याच्या हिराने पाचाचं नाणं फटीकडे सरकवत आणणारं एखादं पोर घरोघरी असतं. ते नाणं हाती येईपर्यंत कुल्फीवाला पुढच्या आळीत गेलेला असतो, आणि पैसा वाचतो!

पण तुझ्या पोटात शंभराचे शंभरच राहतात. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर ७२ ला सहाने भागून बघ. साधारण १२ वर्षांत त्या नोटेला आजच्या पन्नास रुपयांइतकाच माल येईल. खात्यावर तेच सहा टक्के मिळाले, तर तेवढ्याच काळात शंभराचे दोनशे होतात. आणि ८ नोव्हेंबर २०१६ ला, नोटबंदीच्या रात्री तुझ्यातल्या पाचशेच्या नोटांचं काय झालं, ते तू विसरला नसशील.

मग बँकेत ठेवा म्हणावं, तर तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. कुंडलिका नदीच्या पलीकडे, रोह्यात ज्यांचं बालपण गेलं, ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या सहीच्या नोटा देशभर चालल्या. त्याच रिझर्व्ह बँकेला २०१० च्या सप्टेंबरात शेजारच्या पेणमधल्या अर्बन बँकेवर निर्बंध घालावे लागले. बोगस कर्जखात्यांतून शेकडो कोटी गेल्याचं तपासात पुढे आलं, आणि लाखाहून जास्त ठेवीदारांचे पैसे अडकले. लेकीच्या लग्नाचे, पोराच्या शिक्षणाचे म्हणून बाजूला ठेवलेले पैसे होते ते. काटकसरीत ही माणसं कुठेच कमी पडली नव्हती.

तुला कानाशी धरून खुळखुळवलं की आत काय आहे ते कळतं. बँक खुळखुळवता येत नाही, तिथे विचारावं लागतं. नेमकं तेच आम्ही पोरांना शिकवत नाही. लेक दहा वर्षांची व्हायच्या आत तिच्या नावाने सुकन्या समृद्धीचं खातं काढतो. वर्षाला २५० रुपयांपासून पैसे भरता येतात. पण पासबुक कपाटात, साडीच्या घडीखाली असतं, आणि खात्यात किती आहेत हे त्या लेकीलाच ठाऊक नसतं. तिच्यासाठी बचत होते, पण तिच्या हाताला वळण लागत नाही.

खर्चाचंही तसंच. जूनमध्ये वह्या-दप्तराचे ठरलेले पैसे पोराच्या हाती देऊन त्यालाच दुकानात पुढे करावं. कार्टूनच्या दप्तराला जास्त पैसे मोजले की वह्या साध्या घ्याव्या लागतात, हे तिथे गल्ल्यावर उभं राहूनच कळतं.

तेव्हा रागावू नकोस. दहा वर्षं पुरी झाली की टपाल कार्यालयात पोराला स्वतःच्या नावाचं खातं स्वतः चालवता येतं. त्या दिवशी तुला त्याच्याच हातून फोडायचा बेत आहे. मात्र त्याआधी त्याने आम्हाला तीन प्रश्न विचारावेत: पासबुक शेवटचं कधी भरून आणलं? बँकेत ठेवलेल्या पैशाला पाच लाखांपर्यंतच्या ठेव विम्याचं संरक्षण आहे का? आणि कुणी इतरांपेक्षा जास्त व्याज देत असेल, तर ते कशाच्या जोरावर?

आम्हाला उत्तरं देता आली नाहीत, तर तुला फोडायची घाई नको. आधी आम्हीच बँकेत जाऊन विचारून येतो.

कळावे, लोभ असावा.

तुझा जुना खातेदार,
अष्टमी, ता. रोहा