इजाजत मागायची राहून गेली होती

हजच्या कुर्र्यात आमची नावे आल्याचा निरोप मोबाईलवर आला, तेव्हा पनवेलमध्ये ऑगस्टचा पाऊस चालू होता. आम्ही दोघा नवरा-बायकोने शुकराण्याची नमाज पढली आणि दुसऱ्याच दिवशी वही काढून यादी करायला बसलो. सामानाची यादी नंतरची, आधीची माणसांची. हजला निघण्यापूर्वी घरोघरी जाऊन ‘कहा-सुना माफ करा’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मोहल्ल्यातली घरे, नातेवाईक, दुकानाचे जुने गिऱ्हाईक, भिंतीला भिंत लागून राहणारे हिंदू शेजारी, अशी एक्केचाळीस नावे झाली. बेचाळिसावे नाव दोघांच्याही मनात होते, पण कोणी उच्चारले नाही. वही मिटली.

त्या शनिवारी रात्री पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. लेकीने टीव्हीवर एक जुना सिनेमा लावला, ‘इजाजत’. गुलजार यांनी १९८७ साली काढलेला. यातल्या एका गाण्यासाठी गुलजार आणि आशा भोसले या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, एवढे आम्हाला ठाऊक होते. सिनेमा मात्र पूर्ण पाहिला नव्हता. या मासिकात सिनेमाची गोष्ट वाचून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे आणि मग रागवावे, एवढीच विनंती.

गोष्ट अशी. पावसाळी रात्री एका रेल्वे स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये महेंद्र (नसीरुद्दीन शाह) शिरतो. तिथे आधीच बसलेली असते सुधा (रेखा). कधी काळी ती त्याची बायको होती. वेगळे झाल्याला वर्षे लोटली आहेत, तरी त्याच्या विसरभोळेपणाच्या सगळ्या सवयी तिला अजून पाठ आहेत. रात्रभर दोघे बोलत बसतात आणि मागची गोष्ट उलगडत जाते. महेंद्रचे मायावर (अनुराधा पटेल) प्रेम होते, पण आजोबांनी सुधाशी ठरवलेले लग्न त्याला मोडता आले नाही. त्याने सुधापासून काही लपवले नाही, लग्नाआधीच सगळे सांगितले. सुधाने ते ऐकून घेतले, एवढेच नव्हे तर मायाकडे जा असेही सांगितले. पण माया कुठे निघून गेली होती. मग लग्न झाले. पुढे माया परत त्यांच्या आयुष्यात आली, तिने जीव द्यायचा प्रयत्न केला, महेंद्र तिला सावरायला जाऊ लागला आणि हे मात्र त्याने घरी सांगितले नाही. सुधाला कळले आणि एक दिवस ती न सांगता घर सोडून गेली. तिच्या जाण्याच्या धक्क्याने महेंद्र आजारी पडला. तिने पत्र पाठवून त्याला लग्नातून मोकळे केले. पुढे मायाचाही अपघातात अंत झाला.

सकाळ होते. सुधाला न्यायला तिचा आताचा नवरा (शशी कपूर) येतो. निघताना सुधा महेंद्रच्या पाया पडून माफी मागते आणि निघायची परवानगी मागते. मागच्या वेळी ती न विचारताच निघून गेली होती. पाया पडणे ही तिची रीत, आपण त्यातला अर्थ घ्यावा.

सिनेमा संपला तशी लेक म्हणाली, “अम्मी, चूक तर त्याची होती. मग माफी तिने का मागायची?”

आम्ही काही बोलायच्या आतच तिने दुसरा प्रश्न टाकला, “आणि तुमच्या यादीत बडे अब्बांचे नाव का नाही?”

वही तिने वाचली होती.

आता बेचाळिसाव्या नावाची गोष्ट सांगायलाच हवी. २००५च्या जुलैमध्ये गाढी नदीचे पाणी पनवेलच्या बाजारात शिरले. आमचे किराणा दुकान तेव्हा दोघा भावांचे होते. साखर विरघळून गेली, तांदूळ कुजला, खातेवह्यांचा लगदा झाला. वाशीच्या धान्य बाजारातल्या एका व्यापाऱ्याची साठ हजारांच्या आसपास बाकी होती. अम्मी त्याच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या. त्यांच्या सोन्याच्या चार बांगड्या दोघा भावांच्या म्हणून भाईजानकडे ठेवलेल्या होत्या. पुरानंतर दीड महिन्याने भाईजान म्हणाले, बांगड्या मोडल्या आणि व्यापाऱ्याची बाकी भागवली. आम्हाला आधी विचारले नव्हते. पावती मागितली तर त्यांच्याकडे नव्हती.

आम्ही विश्वास ठेवला नाही. ठेवला नाही तो नाही, वर बोलत सुटलो. नातेवाइकांत बोललो, बाजारात बोललो, एका निकाहच्या दावतीत तर पंगतीत बसून बोललो. भाईजानने एकदाही उलट उत्तर दिले नाही. त्यांनी दुकानातला हिस्सा आमच्या नावे केला आणि पेणला जाऊन छोटेसे दुकान टाकले.

इथवर सांगितले तर आमची गैरसमजाची चूक एवढेच दिसेल. खरे पुढेच आहे. अडीच वर्षांनी आम्ही त्याच व्यापाऱ्याकडे माल घ्यायला गेलो. तो सहज बोलून गेला, “तुमचा भाऊ सच्चा माणूस. मी मागायच्या आधीच पुराची सगळी बाकी आणून दिली.” घरी येऊन आम्ही दोघे हे बोललो आणि गप्प बसलो. कारण तोवर गोष्ट फार घरांत गेली होती. ती परत घ्यायची म्हणजे आपले तोंड काळे करायचे. ‘बघू पुढे’ म्हणत आम्ही सतरा वर्षे काढली. त्यात ईद चौतीस वेळा आली.

मागे एखाद्याची खरी उणीव बोलणे ही गीबत आणि नसलेली उणीव चिकटवणे म्हणजे बोहतान, हा फरक आपण लहानपणापासून ऐकतो. तौबा कशी करावी हेही ऐकतो. गुन्हा सोडायचा, पस्तावायचे, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा. पण गुन्हा माणसाच्या हक्काचा असेल तर चौथी अट लागते, ज्याचा हक्क त्याच्याकडे जाऊन तो फेडायचा किंवा माफ करवून घ्यायचा. आम्ही पहिल्या तिन्ही अटी मनातल्या मनात पुऱ्या केल्या होत्या. चौथीसाठी पेणपर्यंत जावे लागत होते, आणि पेण पनवेलपासून तासाभराच्या वाटेवर आहे.

लेकीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री झोप लागेना तेव्हा सापडले. सुधा महेंद्रच्या चुकीची माफी मागत नव्हती. न सांगता निघून जाणे तेवढे तिचे होते, आणि तिने तेवढेच उचलले. समोरच्याच्या वाट्याचे किती आहे याचा हिशेब तिने मांडला नाही. आम्ही मात्र वीस वर्षे तोच मांडत होतो. बांगड्या न विचारता मोडल्या ही भाईजानची चूक आम्ही ढालीसारखी पुढे धरली होती. महेंद्रकडूनही एक गोष्ट कळली. त्याने लग्नाआधी खरे सांगितले आणि त्यावर तो निर्धास्त झाला. पण एकदा खरे बोलून सचोटी कायमची पदरात पडत नाही. पुढे रोज अवघड होत जाते तेव्हाही खरे बोलावे लागते. गल्ल्यात आम्ही कधी पैशाची गफलत केली नाही, मापात मारले नाही. त्यावरच आम्ही स्वतःला सच्चे समजत होतो.

रविवारी एसटीने निघालो. कर्नाळ्याचा सुळका ढगात होता. वाटेत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. भाभींनी दार उघडले, काही न विचारता पाणी दिले. भाईजान दुकानातून आले. आम्ही व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली आणि किती वर्षांपूर्वी कळली तेही सांगितले. ते सांगताना जीभ जड झाली.

भाईजान बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माफ मी कधीच केले. नाहीतर मला नमाजीत उभे राहवले नसते. पण ज्या घरांत तुम्ही माझे नाव नेऊन ठेवलेत, तिथून ते परत आणा. ते माझ्याच्याने होणार नाही.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “आणि बांगड्या मोडण्याआधी तुम्हाला विचारायला हवे होते. व्यापाऱ्याला तोंड कसे दाखवू या घाईत होतो. अम्मींच्या वस्तूवर तुमचाही हक्क होता. त्याची इजाजत माझ्याकडून मागायची राहून गेली.”

सिनेमाचे नावही त्यांना सांगितलेले नव्हते. तोच शब्द त्यांच्या तोंडी आला आणि आम्हा दोघांनाही रडू आवरले नाही.

परत आल्यावर दुसरी यादी केली. दावतीत कोण होते, बाजारात कोण, कोणत्या खालांकडे आम्ही काय बोललो. नक्की आठवली ती नऊ घरे. तिथे जाऊन ‘कहा-सुना माफ करा’ एवढे म्हणून भागणार नव्हते. ‘भाईजानबद्दल आम्ही बोललो ते खोटे होते आणि खोटे आहे हे कळूनही गप्प राहिलो’, असे पूर्ण वाक्य म्हणायचे होते. पहिल्या घरी पाय अडखळले. एकाने हसून उडवून लावले. एकजण म्हणाले, आम्ही तर केव्हाच विसरलो. एक म्हाताऱ्या खाला म्हणाल्या, “मी त्यानंतर त्याच्या दुकानावर कधी गेले नाही. आता मीही त्याची माफी मागायला हवी.” एका खोट्याने किती लोकांना गुन्ह्यात ओढले, ते तेव्हा कळले.

नववे घर बंद होते. ते चाचा चार वर्षांपूर्वी वारले. आम्ही कबरस्तानात जाऊन त्यांच्यासाठी दुआ केली. पण भाईजान बेइमान आहेत असे समजूनच ते गेले, आणि आमची दुरुस्ती त्यांच्यापर्यंत आता पोहोचणार नाही. हे ओझे घेऊनच आम्ही हजला जाणार आहोत.

वाचकहो, हा लेख लिहायचे ठरले तेव्हा भाईजानना विचारूनच लिहिला. ते म्हणाले, नावगाव जास्त सांगू नका, पण लिहा. कुरआनमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी इजाजत घ्यायला सांगितले आहे. दुसऱ्याच्या वस्तूला, हक्काला आणि अब्रूला हात लावण्याआधीही ती घेतली असती, तर आमच्या घरातली वीस वर्षे वाचली असती. तुमच्या मनात असे एखादे बेचाळिसावे नाव असेल तर हजच्या कुर्र्याची वाट पाहू नका. माणूस अजून आहे तोवर जा. एसटीचे तिकीट फार महाग नाही.

निघायच्या दिवशी भाईजान आणि भाभी पनवेलला येणार आहेत. तोवर दुकानाची किल्ली त्यांच्याकडे राहील. या वेळी आम्ही विचारून ठेवले आहे.